सुई, दोरा आणि दृष्टी
(बुटीबोरी येथे भरलेल्या वार्षिक ज्ञातिसंमेलनातील व्याख्यान)



संमेलनात कोणत्या विषयावर बोलावे अशी पृच्छा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा शिक्षण, विवाहखर्च, संघटन हे नित्याचे विषय पुढे होतेच. ते महत्त्वाचे आहेत, आणि त्यांवर आमच्याहून अधिक अधिकाराने बोलणारी मंडळी या मांडवात बसली आहेत. आम्ही डोळ्यांचा विषय मागून घेतला, त्याचे कारण आपल्या धंद्यात आहे. नामदेवमहाराजांचे नाव सांगणारा आपला शिंपी समाज पिढ्यान्‌पिढ्या सुईच्या नेढ्यावर जगला. सुताराचा हात किंचित चुकला तर लाकूड पुन्हा तासून घेता येते. शिंप्यास नेढे दिसेनासे झाले, की त्याचा हात कितीही तरबेज असो, तो बसून राहतो. आपल्या घराघरांतून असे बसून राहिलेले काका आणि मामा आपण पाहिले आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांस बसून राहण्याचे काहीही कारण नव्हते, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

ज्या गावी आपण जमलो आहोत ते बुटीबोरी नागपूरच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर, वर्धा मार्गावर वसलेले आहे. लोहमार्गाचे स्टेशन आणि भोवतालच्या खेड्यांचा बाजार एवढीच त्याची पूर्वीची ओळख होती. पुढे येथे मोठी औद्योगिक वसाहत झाली, गावास नगरपरिषद मिळाली, आणि आपल्या समाजाचेही रूप पालटले. तयार कपड्यांनी गावच्या शिंप्याचे गिऱ्हाईक नेले. कोणी सूतगिरणीत गेला, कोणी वेल्डिंग शिकला, कोणी कार्यालयात संगणकापुढे बसला. तथापि ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, जुन्या कपड्यांची दुरुस्ती हे काम घराघरांतून आजही चालू आहे, आणि ते बहुतांशी आपल्या स्त्रिया करीत आहेत. पायमशीन गेले व विजेची मोटार आली, परंतु नेढे होते तेवढेच राहिले आहे.

आता प्रश्न असा, की डोळ्यांची शक्ती औषधावाचून, चष्म्यावाचून, केवळ नित्याच्या सवयींनी वाढविता येते काय? हा प्रश्न आम्हांस ज्ञातीतील कुटुंबांत फिरताना वारंवार ऐकावा लागतो. हल्ली भ्रमणध्वनीवर 'पंधरा दिवसांत चष्मा घालवा' असे सांगणाऱ्यांची दाटी झाली आहे, आणि आपली भोळी माणसे त्यांच्या शिकवणीस पैसे भरतात. म्हणून उत्तर आडपडदा न ठेवता देतो. ज्यास आपण डोळ्याचा नंबर म्हणतो, तो व्यायामाने जात नाही. परंतु नंबर लागूच नये, लागला तर उशिरा लागावा, आणि आहे ती दृष्टी अखेरपर्यंत टिकावी, यासाठी नित्याच्या सवयींनी करण्यासारखे पुष्कळ आहे. या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि तीतूनच नुकसान होते.

नंबर का जात नाही, हे समजण्यास डोळ्याची रचना थोडी ठाऊक हवी. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. पुढचे पारदर्शक पटल आणि त्यामागचे भिंग मिळून प्रकाशाची किरणे वळवितात, व ती नेमकी मागच्या पडद्यावर एकवटली म्हणजे स्पष्ट दिसते. डोळा एक मिलिमीटर जरी अधिक लांब वाढला, तरी अडीच ते तीन नंबरांचा फरक पडतो. किरणे पडद्याच्या अलीकडेच एकवटतात, आणि मुलास फळ्यावरील अक्षर पुसट दिसू लागते. शाळेच्या पुस्तकांत यास निकटदृष्टिता म्हणतात. वाढलेली उंची जशी आसनांनी कमी होत नाही, तशी वाढलेली डोळ्याची लांबीही बुबुळे गरगर फिरविल्याने कमी होत नाही.

याच्या उलट शिकवण जगभर पसरली, तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क येथे विल्यम बेट्स नावाचे नेत्रवैद्य होते. त्यांनी १९२० साली चष्म्यावाचून परिपूर्ण दृष्टी देण्याचे वचन देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. डोळ्यांतील भिंगाचा जवळचे-दूरचे पाहण्याशी संबंध नाही, सारे दोष ताणामुळे होतात, ताण घालविला की चष्मा जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. तळहातांनी डोळे झाकून बसणे, शरीर हेलकावत पाहणे, सूर्याकडे पाहणे, असे उपाय त्यांनी सांगितले. वास्तविक भिंग आपला आकार बदलते आणि म्हणून आपणांस जवळचे दिसते, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. तरीही बेट्स यांच्या मतास अनुयायी मिळाले. विख्यात इंग्रज लेखक आल्डस हक्सले यांची दृष्टी किशोरवयातील आजाराने अधू झाली होती. त्यांनी या पद्धतीची प्रशंसा करणारे पुस्तक १९४२ साली लिहिले, आणि मोठ्या माणसाच्या लेखणीमुळे मतास वजन आले. डोळ्यांवर तळहात ठेवून दोन घटका शांत बसल्याने कोणाचेही वाईट होत नाही, उलट बरेच वाटते. सूर्याकडे टक लावून पाहण्याची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याने पडद्याचा नेमका मधला भाग भाजतो आणि तो पुष्कळदा भरून येत नाही. सकाळचा सूर्य कोवळा असला तरी तो पाहण्यासाठी नाही, त्याच्या उजेडात वावरण्यासाठी आहे.

चीन देशात याहून मोठा प्रयोग झाला. तेथे १९६३ पासून शाळाशाळांतून डोळ्यांच्या कवायतीचा प्रसार झाला. मुले आपापल्या जागी बसून ठराविक तालावर डोळ्यांभोवती मालीश करतात, आणि हा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. एवढे होऊनही २०१८ सालच्या तेथील सरकारी पाहणीत निम्म्याहून अधिक मुले व तरुण निकटदृष्टीचे आढळले. कोट्यवधी मुलांनी अर्धशतक केलेल्या व्यायामाने जे साधले नाही, ते पंधरा दिवसांच्या शिकवणीने कसे साधेल, एवढाच विचार पैसे भरण्यापूर्वी करावा.

आपल्याच परिसरातील एक उदाहरण घेऊ. बुटीबोरीहून याच मार्गाने पुढे गेले म्हणजे वर्धा आणि सेवाग्राम लागते. महात्माजी तेथे १९३६ साली राहावयास आले. निसर्गोपचारावर त्यांची केवढी निष्ठा होती हे सर्वांस ठाऊक आहे. माती, पाणी, उपवास यांचे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले, आणि १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे केंद्र उभे केले. परंतु चष्मा त्यांनी टाकून दिला नाही. निसर्गाचे प्रेम आणि नाकावरचा चष्मा या दोहोंत त्यांस विरोध दिसला नाही, मग आपणांस तरी का दिसावा?

येथे एक अपवाद नोंदविणे न्यायाचे होईल. काही जणांचे दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळत नाहीत. वाचताना अक्षरे दोन दिसतात, कपाळ दुखते. अशांस नेत्रतज्ज्ञ नेमके व्यायाम शिकवितात आणि त्यांचा गुणही येतो. तसेच एखाद्या बालकाचा एक डोळा लहानपणीच मागे पडतो. तेव्हा चांगला डोळा रोज काही वेळ झाकून मागे पडलेल्या डोळ्यास कामास लावतात. हा उपचार सात-आठ वर्षांच्या आत जितका फळतो, तितका पुढे फळत नाही. मूल एका डोळ्याने उत्तम पाहत असते, म्हणून घरात कोणासच शंका येत नाही. यास्तव मूल शाळेत जाण्यापूर्वी त्याचे दोन्ही डोळे एकेक झाकून तपासून घ्यावेत. तिरळेपणा असेल तर 'मोठेपणी जाईल' असे म्हणून थांबू नये.

आता सवयींकडे वळू. त्यांतील पहिली आणि सर्वांत फलदायी सवय फुकटची आहे, ती म्हणजे मुलांस उघड्यावर खेळू देणे. हे ऐकून काहींस हसू येईल. परंतु गेल्या काही वर्षांतील संशोधनाने ज्या साध्या उपायांचे गुण सिद्ध केले, त्यांत याचा क्रमांक वरचा आहे. चीनमधील ग्वांगझू शहरी बारा शाळांतील पहिलीची मुले घेण्यात आली. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास मैदानावर ठेवला, उरलेल्या शाळांत जसे चालले होते तसेच चालू दिले. तीन वर्षांनंतर मोजले तेव्हा मैदानावर गेलेल्या मुलांत ३०.४ टक्क्यांस नव्याने निकटदृष्टिता आली होती, आणि इतरांत ३९.५ टक्क्यांस. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या शाळांतील पाहणीत १३.१ टक्के मुले निकटदृष्टीची आढळली, आणि रोज दोन तासांहून अधिक वेळ बाहेर घालविणाऱ्या मुलांत हा दोष कमी दिसला. तैवानच्या शाळांनी तर २०१० पासून रोज दोन तास बाहेर हाच मंत्र धरला आहे.

असे का व्हावे? शास्त्रज्ञांचे अनुमान असे, की भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचे एक द्रव्य अधिक स्रवते, व ते डोळ्याच्या अवाजवी लांब वाढण्यास आवर घालते. दिवा लावलेल्या खोलीत जेवढा उजेड असतो, त्याच्या कितीतरी पट उजेड अंगणातील निंबाच्या सावलीत असतो. आपल्या डोळ्यांस तो फरक जाणवत नाही, कारण बाहुली लहान-मोठी होऊन सांभाळून घेते. म्हणून भर उन्हात मुलांस पिटाळावे असे आमचे सांगणे नाही. वैशाखात नागपूरकडचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा दुपारी घरातच बसावे. सकाळी नऊपर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर सावलीतही पुरेसा उजेड मिळतो. मूल बाहेर काय खेळते याला महत्त्व नाही. विटीदांडू, क्रिकेट, नुसता उनाडपणा, काहीही चालेल. बाहेर बसून भ्रमणध्वनीत तोंड खुपसणे मात्र त्यात धरू नये.

याचा मुख्य उपयोग नंबर लागण्यापूर्वी आहे, हे लक्षात असू द्यावे. नंबर लागला की चष्मा द्यावा आणि पूर्ण नंबराचा द्यावा. चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूत आपल्या घरांत फार रुजली आहे. ज्या वयात चष्मा लागतो त्याच वयात मूल वाढत असते. त्याच्याबरोबर डोळा वाढतो आणि नंबरही वाढतो. चप्पल घातल्याने पाय मोठा झाला असे आपण म्हणत नाही, तसेच हे आहे.

आता मशीनवर बसणाऱ्यांविषयी बोलू. आपल्या जुन्या कारागिरांनी काही शहाणपण धंद्यातूनच कमावले होते. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची तुरपाई दिवसाउजेडी उरकून घ्यावी आणि रात्रीसाठी पांढरे काम ठेवावे, मशीन खिडकीशी मांडावे, हे नियम त्यांनी कोणत्याही ग्रंथातून घेतले नव्हते. अंधुक उजेडात काम केल्याने डोळा कायमचा बिघडत नाही. तथापि तो लवकर शिणतो, डोके दुखते, टाका वाकडा पडतो आणि उसवून पुन्हा घालावा लागतो. म्हणून दिवा डोक्यामागे नसावा, कारण मग आपलीच सावली कापडावर पडते. उजव्या हाताने शिवणाऱ्याने तो डावीकडून, किंचित पुढून घ्यावा, आणि बत्ती उघडी डोळ्यांत येऊ देऊ नये. कापडाचे अथवा पुस्तकाचे अंतर मोजण्यास फूटपट्टी नको. मूठ हनुवटीखाली टेकविली असता कोपर जेथे येते, तेवढे अंतर मोठ्या माणसास व मुलास आपापल्या मापाने पुरेसे होते.

वीस मिनिटे जवळचे काम झाले की मान वर करून वीस फुटांपलीकडचे काहीतरी वीस सेकंद पाहावे, असा नियम नेत्रतज्ज्ञ सांगतात. जुना शिंपी ओटीवर बसून रस्त्याकडे पाही, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोले आणि पुन्हा मान खाली घाली. त्यास आळशी म्हणणाऱ्यांनी हा नियम ध्यानात घ्यावा! जवळ पाहताना डोळ्यांतील स्नायू आवळलेला असतो, दूर पाहताना तो सैलावतो. शिवाय एकटक पाहताना आपण पापण्या मिटण्याचे विसरतो. एरवी मिनिटास पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी बारीक कामात किंवा पडद्यापुढे त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळा मिटते. त्यामुळे डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, लाल होतो. दसरा-दिवाळीच्या किंवा जूनमधील गणवेशांच्या घाईत आपल्या भगिनींचे डोळे जळजळतात ते पुष्कळदा यामुळेच. पंखा थेट तोंडावर असेल तर तो बाजूस फिरवावा, पापण्या मधूनमधून पूर्ण मिटाव्यात, एवढ्याने बराच आराम पडतो. गुलाबपाणी, मध, कांद्याचा रस असले काहीही डोळ्यांत घालू नये.

वसाहतीत वेल्डिंग अथवा घासकाम करणाऱ्या तरुणांस एवढेच सांगतो, की काळी काच व चष्मा हे कामाचे हत्यार समजावे. वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. पोलादाचा कण उडून आत गेला तर डोळाच जाऊ शकतो. तो कण मित्राकडून काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढवून घेण्याची रीत कारखान्यांत आढळते. ती घातक आहे, तडक डॉक्टरांकडे जावे.

एवढे झाल्यावर आम्ही ज्यासाठी हा विषय घेतला, त्या चाळिशीकडे येतो. मराठी भाषेने येथे मोठी गंमत केली आहे. वय, त्या वयातला दृष्टिदोष आणि त्यावरचा चष्मा, तिहींस एकच शब्द! म्हणजे आपल्या पूर्वजांनी हा दोष रोग मानलाच नव्हता. केस पिकावेत तसा तो सर्वांस येतो. दहा वर्षांच्या मुलास सात-आठ सेंटीमीटरवरची मुंगी स्पष्ट दिसते, कारण त्याचे भिंग लवचिक असते. वयाबरोबर भिंग घट्ट होत जाते. चाळीस-पंचेचाळिसाव्या वर्षी हातभर लांब धरल्यावाचून अक्षर दिसत नाही, आणि पुढे हातही अपुरा पडतो. भिंगाचा हा घट्टपणा कोणत्याही व्यायामाने, कोणत्याही पथ्याने परत जात नाही. उपाय चष्म्याचा आहे, आणि तो नाक्यावर शे-दोनशे रुपयांत मिळतो.

तरीही आपल्या समाजात काय घडते? शिवणारी भगिनी प्रथम सुईत दोरा ओवून देण्यास मुलीस हाक मारते. मग ती बारीक काम घेणे सोडते. हातशिलाई, काजे, जरीकाठाची जोड ही अधिक पैशांची कामे सुटतात, आणि ती फॉल-पिकोवर येते. शेवटी 'आता डोळे गेले' असे म्हणून मशीनवर चादर टाकते. तिचे वय त्या वेळी पन्नासही नसते. घरातील कर्त्या पुरुषास विचारावे तर तो म्हणतो, 'तिला आता काय वाचायचे आहे?' वाचायचे नसेल, परंतु तिला नेढे पाहावयाचे आहे, तांदळातला खडा पाहावयाचा आहे, आणि औषधाच्या वेष्टनावरील तारीखही पाहावयाची आहे.

हा आमचा केवळ भावनेचा उद्गार नाही. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढील ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांस जवळचे दिसण्याचा साधा चष्मा दिला, त्यांची पानांची खुडणी चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. मळा तोच, हात तेच, मजुरीही तीच. पुढे बांगलादेशात खेड्यांतील आठशेहून अधिक स्त्री-पुरुषांवर असाच प्रयोग झाला. ती मंडळी जवळच्या नजरेच्या कामावर पोट भरणारी होती. २०२४ साली निघालेल्या त्याच्या वृत्तान्तात आठ महिन्यांनंतर चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न इतरांहून सुमारे एक-तृतीयांशाने अधिक आढळले. समाजाने गरजू कुटुंबांस मशिनी वाटल्या, त्या कार्याचे आम्ही कौतुक करतो. परंतु मशीन दिले आणि चष्मा दिला नाही, तर अर्धेच काम केले असे होईल. प्रत्येक मशिनीबरोबर चाळिशीच्या तपासणीची तरतूद निधीतून व्हावी, अशी सूचना आम्ही या व्यासपीठावरून कार्यकारी मंडळापुढे ठेवीत आहोत.

आहाराविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो भाग आपल्या आजीबाईंस आमच्याहून चांगला ठाऊक आहे. शेवग्याचा पाला, अंबाडी, चवळी, माठ यांच्या भाज्या, पिकलेली पपई, आंबा, गाजर, अंडे, दूध यांतून अ जीवनसत्त्व मिळते. ते न मिळाल्यास प्रथम रातांधळेपणा येतो आणि पुढे बालकाचे बुबुळच विरघळते. भारत सरकारने १९७० पासून लहान मुलांस या जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना चालविली. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ते चुकवू नयेत. भाजीस तेलाची फोडणी द्यावी, म्हणजे त्यातील सत्त्व अंगी लागते. परंतु ज्याच्या आहारात उणीव नाही त्याने गाजरे कितीही खाल्ली तरी चष्मा उतरणार नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज वैमानिक गाजरे खाऊन रात्री शत्रूची विमाने पाहतात अशी वार्ता पसरविली गेली. खरी करामत विमानांतील गुप्त रडार यंत्राची होती. ती वार्ता आजही लोक खरी मानतात, यात गाजरांचा काय दोष?

सवयीने डोळे कसे वाचतात याचा दाखला पाहावयाचा असेल तर खुपऱ्यांचा पाहावा. हा सांसर्गिक रोग एके काळी देशाच्या कोरड्या भागांत अंधत्वाचे मोठे कारण होता. सरकारने १९६३ मध्ये त्याविरुद्ध मोहीम उघडली. औषध तर होतेच, पण त्याबरोबर मुलांचे तोंड धुणे, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवणे, घराभोवती माश्या न होऊ देणे, पाणी व संडास यांची सोय करणे, या साध्या गोष्टींचाही त्यात वाटा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचा सार्वजनिक उपद्रव संपल्याचे जाहीर केले. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ-सुरमा घालण्याची रीत मात्र आपल्याकडे अजून आहे. काही सुरम्यांत शिसे असते, आणि बोटावरचा मळ तर जातोच. तीट गालावर लावावी, दृष्ट तेवढ्यानेही टळते.

आता एका नाजूक विषयास हात घालतो, माताभगिनींनी राग मानू नये. याच स्मरणिकेच्या अखेरच्या पानांत वधूवर-परिचय छापला जातो. त्यात उंची, वर्ण, शिक्षण यांच्या जोडीस 'चष्मा आहे/नाही' असा एक रकाना असतो. हा रकाना कोणी व कधी घातला, त्याची चौकशी आम्ही करीत नाही. त्याचा परिणाम आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. मुलगी नववीत असते, फळा दिसत नाही, शेजारणीच्या वहीतून उतरविते, गुण घसरतात, आणि आई म्हणते की 'आत्ता चष्मा लागला तर स्थळ कोण देईल?' मुलाच्या बाबतीत हा विचार कोणी करीत नाही. चष्म्याची माहिती खरी मिळेल या आशेने जो रकाना ठेवला, तो मुलींस चष्म्याविना ठेवण्यास कारण होतो आहे. व्यायामाच्या शिकवणीस सर्वाधिक पैसे याच घरांतून जातात. पुढील वर्षापासून हा रकाना छापू नये, असा ठराव आम्ही उद्याच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. त्यास अनुमोदन देण्यास एखादी आई उभी राहिली तर आम्हांस अधिक संतोष होईल.

वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द सांगून थांबतो. मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही आणि सवयींनी थांबत नाही. तो शस्त्रक्रियेनेच निघतो. तो 'पिकू द्यावा' ही जुन्या काळची सांगी झाली, कामात अडचण येऊ लागली की काढून घ्यावा. देशात १९७६ पासून अंधत्वनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. काचबिंदू मात्र कपटी असतो. त्यात बहुधा दुखत नाही, समोरचेही दिसत राहते, आणि कडेची नजर गुपचूप जाते. गेलेली नजर परत येत नाही. ज्यांच्या घरात तो कोणास झाला असेल, त्यांनी चाळिशीच्या चष्म्याच्या वेळीच डोळ्यांचा दाब व मागची नस तपासून घ्यावी. ज्यांस मधुमेह आहे त्यांनी दृष्टी स्वच्छ असली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा दाखवावा. नाक्यावरचा चष्मा नेढे दाखवितो, परंतु डोळ्याच्या आत काय चालले आहे ते त्यास दिसत नाही.

मांडवाच्या उजव्या बाजूस भोजनगृहाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आहे, आणि त्यापासून सहा मीटरवर चुन्याची रेघ मारली आहे. ज्यांस अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी चिन्हांचा तक्ता आहे. शेजारच्या मेजावर सुया व पांढरा दोरा ठेवला आहे. चाळिशी उलटलेल्या प्रत्येक भगिनीने व बांधवाने जेवणास बसण्यापूर्वी तेथे एक दोरा ओवून पाहावा. ज्यांस तो ओवता येणार नाही, त्यांची नावे आमचे स्वयंसेवक लिहून घेतील. मुलांनी एकेक डोळा झाकून तक्ता वाचावा, आणि मुलींनी प्रथम वाचावा.